लंडन किती दूर?

आमचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त लंडनला जावयास निघाला, त्या दिवशीं आमच्या मातोश्रींनीं एकच प्रश्न विचारला, "सांगलीहून किती लांब रे तें?" आम्हीं पुस्तकी उत्तर दिलें, "मुंबईपासून सुमारें ७,२०० किलोमीटर." हा आंकडा ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर कांहींच उमटलें नाहीं. "किलोमीटर नको सांगूंस. पोंचायला किती वेळ लागतो तें सांग." विमानांत नऊ-दहा तास, असें सांगतांच त्यांनीं मनाशीं हिशेब केला. सांगलीहून पुण्यास जाऊन त्याच दिवशीं परत यावयाचें म्हटलें, तर मोटारीनें जवळजवळ तेवढेच तास मोडतात. "मग पुण्याला जाऊन येण्याइतकेंच कीं!" असें म्हणून त्या स्वयंपाकघरांत निघून गेल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या घरांत लंडनचें अंतर तेंच कायम झालें.

गेल्या सप्टेंबरांत आम्ही उभयतां भावाकडे महिनाभर राहावयास गेलों, तेव्हां हा हिशेब पुन्हा आठवला. मातोश्री आतां नाहींत. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी असें दूरदेशीं असेल. म्हणून त्या प्रवासांत जें पाहिलें आणि मनांत आलें, तें येथें मांडतों.

प्रथम अंतराविषयीं. शाळेंतल्या भिंतीवरच्या चौकोनी नकाशावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्यें पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती दक्षिण इराण, बगदाद आणि इस्तंबूल यांच्या आसपासून जाते. परंतु हाच प्रयोग पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून करावा. दोरा ताठ होतांच तो आपण होऊन उत्तरेकडे सरकतो, आणि सौराष्ट्र, सिंध, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, काकेशस, क्रिमिया, युक्रेन, पोलंड व जर्मनी अशा वाटेनें लंडनला पोंचतो. गोल वस्तूवर दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट ही सपाट कागदावर वांकडी दिसते, आणि कागदावरची सरळ वाट प्रत्यक्षांत लांबची असते. ७,२०० किलोमीटर हा आंकडा या दोऱ्याचा आहे. घरांत मुलें असतील तर हा प्रयोग अवश्य करून दाखवावा. भूगोलाच्या दहा पानांचें काम एक दोरा करतो.

विमानाचा वेग ताशीं सुमारें ९०० किलोमीटर. भागाकार केला तर आठच तास लागावे. मग नऊ-दहा कां? याचीं कारणें दोन. पहिलें वाऱ्याचें. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहत असतात. त्यांचा वेग कधीं कधीं ताशीं दोनशें किलोमीटरच्याही वर जातो. लंडनला जातांना ते समोरून येतात आणि परततांना पाठीशीं असतात. म्हणून जाण्यास येण्यापेक्षां अर्धा-पाऊण तास, कधीं त्याहूनही अधिक वेळ लागतो. माहेरची वाट चढाची आणि सासरची उताराची, असें आमच्या सौभाग्यवतींचें जुनें गाऱ्हाणें आहे. येथें मात्र घराकडे येणारी वाट उताराची आहे, हें ऐकून त्यांना बरें वाटलें.

दुसरें कारण माणसाच्या हातचें आहे. दोऱ्यानें दाखविलेली वाट आकाशांत नेहमीं मोकळी असते असें नाहीं. फेब्रुवारी १९२२ नव्हे, फेब्रुवारी २०२२ मध्यें, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत, युद्ध सुरू होतांच युक्रेनचें आकाश प्रवासी विमानांना बंद झालें. १३ जून २०२५ रोजीं इराण, इराक, जॉर्डन आणि इस्राएल यांचें आकाश एकाएकीं मिटलें, आणि पहाटे मुंबईहून लंडनकडे निघालेलें एक विमान सुमारें तीन तास उडून पुन्हा मुंबईसच उतरलें. त्या दिवशीं त्यांतल्या प्रवाशांना लंडन किती दूर होतें, हें कोणत्या नकाशावर मोजावें? हा प्रकार नवा मात्र नव्हे. १९२९ सालीं लंडन-कराची विमानमार्ग सुरू झाला, तेव्हां तो इराणच्या किनाऱ्यानें बुशहर, जास्क अशीं ठाणीं घेत येत असे. पुढें इराण सरकारनें परवानगी चालू ठेवली नाहीं, म्हणून १९३२ सालीं तोच मार्ग आखाताच्या पलीकडच्या, अरबी बाजूस न्यावा लागला, आणि शारजासारख्या वाळवंटांतल्या गांवीं विमानें उतरूं लागलीं.

आमचें विमान दुपारीं मुंबईहून निघालें. खिडकींतून क्षणभर माहीमची खाडी आणि दाट वस्ती दिसली आणि लागलीच अरबी समुद्र आला. समोरच्या आसनाच्या पाठीस एक लहानसा पडदा असतो. त्यावर आपलें विमान कोठें आहे, किती अंतर राहिलें, किती वेळ राहिला, बाहेर हवा किती थंड आहे, हें सारें लिहून येतें. बाहेर शून्याखालीं पन्नासाच्या आसपास अंश, आणि आंत आम्ही शाल पांघरून घरून नेलेला दडपे पोह्यांचा डबा उघडीत होतों. सौभाग्यवती झोपीं गेल्या. आम्ही मात्र पडद्यावरचा अंतराचा आंकडा उतरतांना पाहत राहिलों.

खालचा समुद्र पाहून मनांत आलें कीं याच पाण्यावरून, याच सप्टेंबर महिन्यांत, १८८८ सालीं चार तारखेस अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेस निघाले होते. महिना संपत आला तेव्हां ते लंडनला पोंचले. आणि हा प्रवास त्या काळीं जलद गणला जात असे! १८६९ च्या नोव्हेंबरांत सुएझचा कालवा खुला झाला, त्यापूर्वीं आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-लंडन हें अंतर सुमारें २०,००० किलोमीटर होई, आणि शिडाच्या जहाजांना महिनेच्या महिने लागत. कालव्यानें तें साडेअकरा हजारांवर आलें. पृथ्वी तीच, गांवेंही तींच. पण वाळूंतून एक चर खणतांच अंतर जवळजवळ निम्में झालें.

पुढें विमानें आलीं. १९२९ च्या त्या मार्गानें लंडनहून कराचीस यावयास सात दिवस लागत, आणि त्यांतलाही कांहीं भाग आगगाडीनें करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन, अहमदाबादेस थांबून, जुहूच्या मैदानावर आपलें लहानसें विमान उतरविलें, आणि विलायतेची विमान-टपाल मुंबईच्या दाराशीं आली. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' नांवाचें विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा करीत लंडनला गेलें. भारतीय कंपनीचें तें पहिलें विलायती उड्डाण. त्यास सुमारें एक दिवस लागला. १९६० पासून या मार्गावर आपल्या कंपनीचीं जेट विमानें आलीं, आणि हळूहळू मधलीं ठाणींही गळून पडलीं. महिने, आठवडे, दिवस, तास असें हें अंतर आटत आलें आहे.

परंतु माणसाच्या येण्याजाण्याचें अंतर हें एक, आणि बातमीचें अंतर हें दुसरें. पूर्वीं हीं दोन्ही एकच होतीं. ज्या जहाजानें माणूस जाई त्याच जहाजानें पत्र जाई. पत्राहून जलद असें जगांत कांहीं नव्हतें. आपल्या धर्मशास्त्रांत याची मोठी मार्मिक खूण सांपडते. परगांवीं असलेल्या आप्ताच्या मृत्यूचें सुतक किती दिवस धरावें, हें ठरवितांना 'देशांतर' कशास म्हणावें हा प्रश्न स्मृतिकारांपुढें आला. मध्यें मोठी नदी असेल, आडवा डोंगर असेल, अथवा भाषा बदलत असेल, तर तें देशांतर, असें एक मत. कोणी साठ योजनें म्हणतात, कोणी चाळीस, कोणी तीस. आणि याखेरीज आणखी एक व्याख्या आहे: जेथली वार्ता दहा रात्रींच्या आंत ऐकूं येत नाहीं, तें देशांतर. दहा रात्री म्हणजे सुतकाचे दिवस. घरचीं माणसें शोक करून उठेपर्यंत ज्यास कळत नाहीं, तो परदेशांत आहे असें समजावें. योजनें मोजून झाल्यावरही त्या जुन्या पंडितांनीं अंतर मोजण्यास दुःखाच्या बातमीचें माप हातीं धरलें, हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें.

हें माप १८७० सालीं मोडलें. त्या वर्षींच्या जून महिन्यांत इंग्लंड आणि मुंबई हीं समुद्राखालून टाकलेल्या तारेनें जोडलीं गेलीं. मुंबई-एडन हा तुकडा 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजानें टाकला. बातमी तासांच्या हिशेबांत पोंचूं लागली. माणूस मात्र आठवड्यांच्याच हिशेबांत राहिला. दहा रात्रींच्या मापानें लंडन देशांतर उरलें नाहीं, आणि तरी घरीं पोंचणें शक्य नव्हतें. एक नवेंच दुःख त्या तारेबरोबर जन्मास आलें: कळतें, पण जातां येत नाहीं.

गांधी लंडनांत असतांनाच त्यांच्या मातोश्री वारल्या. तार होती, टपाल होतें; पण वडील बंधूंनीं त्यांस कळविलें नाहीं. परक्या मुलखांत, एकट्यास, हा आघात नको, एवढाच त्यांचा हेतु होता. बॅरिस्टर होऊन १२ जून १८९१ रोजीं गांधी निघाले. वादळी समुद्रांतून तेवीस दिवसांनीं, ५ जुलैस, मुंबईच्या धक्क्यावर उतरले, तेव्हां त्यांच्या मनांत आईच्या भेटीची ओढ होती. बातमी त्यानंतर कळली. त्यांनीं स्वतःच आत्मचरित्रांत हें लिहून ठेवलें आहे. पूर्वीं आम्हीं तें वाचलें, तेव्हां बंधूंचा थोडा रागच आला होता. आईच्या मृत्यूची बातमी मुलापासून लपविण्याचा अधिकार थोरल्या भावास कोणी दिला?

या प्रश्नाचें उत्तर देण्याची पाळी चार वर्षांपूर्वीं आमच्यावर आली. डिसेंबरचे दिवस. संध्याकाळीं मातोश्री देवापाशीं वात लावतांना कोसळल्या. रात्रीं आठ वाजतां डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें, तेव्हां आम्हीं भावास फोन केला. लंडनला दुपारचे अडीच वाजले होते. "लौकर ये," एवढेंच आम्ही बोललों. त्यानें त्याच रात्रीच्या विमानाचें तिकीट मिळविलें आणि तडक विमानतळ गांठला. आमच्या घड्याळांत साडेबारा झाले, त्या सुमारास मातोश्री गेल्या. तेव्हां लंडनला संध्याकाळचे सात वाजले होते. तो तपासणी उरकून आंत बसला होता, आणि विमान सुटण्यास दोन तास होते.

थोड्या वेळानें त्याचा फोन आला. "दादा, आई कशी आहे?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीं किती वेळ थांबलों कोण जाणे. पुढें नऊ तास तो अनोळखी माणसांमध्यें, अंधारांत, एका आसनाशीं बांधला जाणार होता. आम्ही म्हणालों, "आहे तशीच आहे. तूं सांभाळून ये."

घरांत सर्वांना तशीच ताकीद दिली. बर्फाच्या पेटीची व्यवस्था केली आणि वाट पाहत बसलों. आतां त्या प्रवासाचा खरा हिशेब पाहावा. फोन झाल्यापासून विमान सुटेपर्यंत साडेसहा तास. आकाशांत नऊ. मुंबईस उतरून बाहेर येण्यास एक. आणि मुंबईपासून सांगलीपर्यंत सुमारें पावणेचारशें किलोमीटर मोटारीनें यावयास साडेसात तास. ७,२०० किलोमीटरांस नऊ तास, आणि पावणेचारशेंस साडेसात! रात्रीं आठास फोन गेला होता; दुसऱ्या दिवशीं रात्रीं आठास तो दारांत उभा राहिला. बरोबर एक दिवस. मातोश्रींचा पुण्याचा हिशेब त्या दिवशीं चुकला होता. त्यानें आंत येऊन आमच्या तोंडाकडे पाहिलें, कांहीं विचारलें नाहीं, आणि मातोश्रींच्या पायांशीं बसला. नंतर आम्ही त्यांना कृष्णेवर घेऊन गेलों.

त्या रात्रीच्या खोट्याविषयीं आम्हां दोघांत पुढें कधीं बोलणें झालें नाहीं. तें आमच्या मनांत मात्र राहून गेलें होतें.

विमान काळ्या समुद्राजवळून युरोपांत शिरलें. खालीं डॅन्यूब नदीचा पट्टा उन्हांत चमकत होता. दिवस संपतच नव्हता; आम्ही सूर्याच्या मागें धांवत होतों आणि तो आम्हांस पुरता टाकून जात नव्हता. मुंबईच्या घड्याळानें मध्यरात्र जवळ आली, तेव्हां लंडनला संध्याकाळचे सात वाजत होते. सप्टेंबरांत तेथील घड्याळ आपल्यापेक्षां साडेचार तास मागें असतें. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं तें आणखी एक तास मागें करितात, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारीं पुन्हा पुढें. मग थेम्सचीं वळणें, लाल विटांच्या घरांच्या ओळी, आणि धावपट्टी. भाऊ बाहेर हात उंच करून उभा होता.

त्याच्या घरीं स्वयंपाकघरांत दोन घड्याळें आहेत. एक तेथील वेळेचें, एक सांगलीच्या. खालीं पंचांग टांगलेलें. तिथि सर्व जगांत एकाच क्षणीं बदलते, पण तो क्षण तेथें कधीं आदल्या दिवशींच्या तारखेत पडतो; म्हणून मातोश्रींचें श्राद्ध कधीं सांगलीस एका तारखेस आणि लंडनला दुसऱ्या तारखेस येतें. हें जमविण्याचें शास्त्र त्यास तेथील महाराष्ट्र मंडळांतल्या जाणत्या मंडळींनीं शिकविलें. १९३२ सालीं स्थापन झालेलें तें मंडळ, म्हणजे ज्या वर्षीं जुहूला विलायतेची विमान-टपाल प्रथम उतरली, त्याच वर्षाचें. घरापासून दूर राहण्याचें शास्त्र त्या मंडळींनीं पिढ्यान्‌पिढ्या जमविलें आहे.

एके रात्रीं जेवणें झाल्यावर बायका वर गेल्या आणि आम्ही दोघेच खालीं बसलों होतों. आम्हीं धीर करून विषय काढला. म्हणालों, "त्या रात्रीं मी तुला खोटें सांगितलें. तूं रागावला असशील."

तो हंसला. "दादा, मला तेव्हांच कळलें होतें."

"कसें?"

"दुपारीं तुम्ही 'लौकर ये' म्हणाला होतां. रात्रीं 'सांभाळून ये' म्हणालांत."

आम्ही कांहीं वेळ बोलूं शकलों नाहीं. मग विचारलें, "मग त्याच वेळीं बोलला कां नाहींस?"

"तुम्ही एवढ्या कष्टानें लपवीत होतां, तें उघडें करून मी काय मिळवणार होतों? विमानांत नऊ तास मला आईजवळ एकटें बसायला मिळालें. घरीं आल्यावर तें जमलें नसतें."

गांधींच्या थोरल्या बंधूंनीं योग्य केलें कीं अयोग्य, हें आजही आम्हांस ठरवितां येत नाहीं. आम्हीं केलें तेंही योग्य होतें असा आमचा आग्रह नाहीं. एवढें मात्र कळलें कीं ज्या घरांत माणसें एकमेकांचा आवाज ओळखतात, तेथें सात हजार किलोमीटरांवरूनही एका शब्दाचा फरक लपत नाहीं. हल्लीं तर फोनवर चेहराही दिसतो. बातमीचें अंतर शून्य झालें आहे. हाताचें अंतर अजून एक दिवसाचें आहे, आणि कोठें आकाश मिटलें तर त्याहूनही अधिक. म्हणून ज्यांचीं मुलेंबाळें दूर आहेत त्यांनीं विमानाचे तास मोजून निश्चिंत राहूं नये. दारापासून दारापर्यंतचा सारा हिशेब एकदां कागदावर मांडावा. पारपत्राची मुदत, तातडीच्या तिकिटाचे पैसे आणि मुंबईहून गांवीं आणणारी मोटार, यांची तजवीज चांगल्या दिवसांतच करून ठेवावी. आणि वाईट बातमी कशी द्यावयाची, लगेच कीं पोंचल्यावर, हेंही भावाभावांनीं आधीं एकमेकांस विचारून ठेवावें. आम्हीं तें परवां विचारून घेतलें. तो म्हणाला, "यापुढें लगेच सांगा."

परत निघालों त्या दिवशीं तो विमानतळावर पोंचवावयास आला. वारे आतां पाठीशीं असणार होते. पायां पडून तो म्हणाला, "दादा, वहिनी, सांभाळून जा." आणि आम्ही काय समजतों आहों हें ध्यानांत येऊन लगेच म्हणाला, "आणि लौकर या."